व्हेंटिलेटर नसलेल्यांचं मरण

9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या एकविसाव्या कलमात बसवला. या हक्काचा भिवंडीत कुणाला उपयोग झाला, ते मला दाखवा. निकालाने दिली ती जगवणारे उपचार थांबवण्याची मुभा, तीही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी मान डोलावल्यावर. पद्मानगरच्या एका खोलीत गादीवर खंगत पडलेल्या यंत्रमाग कामगाराच्या नाकातोंडात नळीच नाही. काढणार काय?

माझे काका असेच गेले. तोंडाचा कॅन्सर. जबडा काढला, रेडिएशन झालं, केमो झाली आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या, सेवा करा." आपल्याकडे असंख्य घरांनी हे वाक्य ऐकलंय. उपचार थांबवण्याचाच हा निर्णय असतो, पण त्याला ना मंडळ लागतं, ना नोटरी. तो वॉर्डाबाहेर मुलगा आणि जावई उरलेल्या पैशांचा हिशेब करून घेतात. ज्याचं मरण आहे, त्याला कुणी विचारतही नाही.

काकांना बोलता येत नव्हतं, पण शुद्ध पूर्ण होती. वहीत ते लिहायचे, "सोडवा मला." कोण सोडवणार? घरच्यांनी मदत केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 108, दहा वर्षांपर्यंत कैद. डॉक्टरने इंजेक्शन दिलं तर तो मनुष्यवधाचा आरोपी.

इच्छामरणाचा कायदा आला तर गरिबांवर मरण्याचा दबाव येईल, असं विरोधक सांगतात. गरिबाचं मरण त्यांनी जवळून पाहिलेलं नाही. दबाव आजच आहे, आणि त्याची कुठल्याही कागदावर नोंद नाही. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये 1997 पासून कायदा लागू आहे. आयुष्य सहा महिन्यांहून कमी उरल्याचं दोन डॉक्टरांनी सांगावं लागतं, मागणी रुग्णाचीच असावी लागते आणि औषधही त्यानेच स्वतः घ्यायचं. ते मिळालेले कित्येकजण अखेरपर्यंत घेतही नाहीत. मरणाऱ्याचा शब्द तिथे लिहून घेतात. आपल्याकडे काकांची वही रद्दीत गेली.

दुसरा आक्षेप खरा आहे: आधी वेदना थांबवा. अगदी मान्य! 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिनभोवती घातलेलं कुंपण संसदेने 2014 मध्ये सैल केलं. तरीही आम्ही भिवंडीतली औषधांची दुकानं पालथी घातली आणि शेवटी गोळ्यांसाठी मुंबई गाठली. ही लाज आधी धुवा. शांत मरण मागणाऱ्याला वेदनाशमनाचा सल्ला देणाऱ्यांनी ते वेदनाशमन त्याच्या दारात आणून द्यावं. ते देऊनही जो म्हणेल की मला आता पुरे, त्याचं ऐकावंच लागेल. गोळीने ठणका कमी होतो; कुजलेल्या गालाचा वास आणि दुसऱ्याच्या हाताने अंग पुसून घेण्याची वेळ टळत नाही. ते किती सोसायचं हे सोसणाऱ्यानेच ठरवावं.

आपली सगळी चर्चा अरुणा शानबागभोवती फिरली. 1973 च्या हल्ल्यानंतर केईएममध्ये 2015 पर्यंत त्या पडून होत्या, त्यांना इच्छा सांगताच येत नव्हती. ज्यांना ती सांगता येते, त्यांच्यासाठी कायद्याकडे एकच वाट आहे: उपचार नाकारा आणि वाट बघा. नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारला विनोबांनी अन्न, पाणी, औषध सोडलं आणि 15 तारखेला देह ठेवला. महाराष्ट्राने हात जोडले. म्हणजे मरण निवडणं आपल्याला पाप वाटत नाही. तहानेने मरायला आपली हरकत नाही, झोपेत मरायला आहे!

अशा मरणाची मुभा देणं हे फौजदारी कायद्याचं काम आहे, ते संसदेनेच करायला हवं. भिवंडीचे खासदार लोकसभेत बसतात. खाजगी विधेयक मांडायला त्यांना पक्षाचा आदेश लागत नाही. येत्या अधिवेशनात त्यांनी ते मांडावं, आणि त्यात पहिली अट ही घालावी की रुग्णाला एकट्याला, नातेवाईक बाहेर बसवून, त्याच्या भाषेत विचारलं जाईल.