समूह शाळा: 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय होणार?

20 पेक्षा कमी पट असलेल्या सरकारी शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचा प्रस्ताव महाराष्ट्राच्या शिक्षण विभागाने 2023 मध्ये मांडला. तेव्हा राज्यात अशा शाळा सुमारे 15 हजार होत्या.

फायदा काय?
चार-पाच मुलांच्या शाळेत ना खेळाला गडी मिळतात, ना विषयवार शिक्षक. मोठ्या शाळेत दोन्ही मिळू शकतं.

अडचण कुठे?
शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी, आठवीपर्यंतची 3. शाळा लांब गेली की भिस्त गाडीवर. ओढ्याला पूर आला, गाडी चुकली, की शाळा बुडाली. त्यात मुलींना घरी बसवण्याचा धोका जास्त.

मग मार्ग?
पाचवीपर्यंतची शाळा गावातच ठेवून सहावीपासून समूह शाळा करता येईल. तिथेही आधी गाडी सुरू व्हावी, वर्ग बंद करण्याचा आदेश नंतर.