जागल्याचा माग, श्वानाचे नाक

साक्रीकडे घरफोडी झाली की बातमीचे शेवटचे वाक्य बहुधा ठरलेले : श्वान महामार्गापर्यंत गेले आणि तेथेच घुटमळले. वाचणारे हसतात. वस्तुतः चोराने तेथून वाहन गाठले असावे, एवढे तरी त्यातून कळते. पोलिसांच्या आधी घरभर फिरून शेजाऱ्यांनी गंध आणि ठसे दोन्ही बिघडवले असतील, तर तो दोष श्वानाचा नव्हे.

खानदेशात हे काम पूर्वी जागल्याकडे, बहुधा भिल्लाकडे, असे. पाऊलखुणांवरून तो माग काढी. माग ज्या गावाच्या शिवेत शिरे, त्या गावाने तो पुढे दाखवावा, नाहीतर नुकसान भरून द्यावे, अशी पश्चिम भारतात अनेक ठिकाणी रीत होती. खूण एकाची, भुर्दंड सगळ्या गावाला!

१९६९ मध्ये महाराष्ट्रातील एका रेल्वे-घातपाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने श्वानाच्या मागाला फारसे वजन दिले नाही. श्वान शपथेवर साक्ष देऊ शकत नाही; त्याच्या वतीने बोलतो तो त्याचा हस्तक. माणसाचे स्वातंत्र्य श्वानाच्या अनुमानावर टांगू नये, हा आक्षेप रास्तच होता. माग तपासाला दिशा देतो, गुन्हा सिद्ध करत नाही.

तरीही श्वान एखाद्या झोपडीपाशी थांबले की गाव निकाल देऊन मोकळे होते. त्यातही ती झोपडी, १८७१ साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर शिक्का मारला, त्यांच्यापैकी कुणाची असेल तर अधिकच लवकर.