हिशेब माधव नगरपासून धरा

सध्या आमच्या कॅन्टीनमध्ये दोनच विषय चालतात: इंटर्नल्सचे मार्क आणि कोण कुठे चाललंय. कुणी आयर्लंड, कुणी जर्मनी, कुणी कॅनडा. युनिव्हर्सिटीच्या रँकिंगवर तासभर वाद घालणारी मंडळी विमानाच्या तिकिटाचा विषय मात्र एका वाक्यात उरकतात: "अ‍ॅपवर सगळ्यात वर जे स्वस्त दिसेल ते घ्यायचं, त्यात काय!" माझं भांडण या वाक्याशी आहे. स्वस्त तिकीट घेऊच नका, असं मी म्हणत नाही. आमच्यासारख्या घरांना दुसरं परवडतही नाही. पण स्वस्त कशाला म्हणायचं, हे अ‍ॅपने ठरवू नये, आपण ठरवावं.

अ‍ॅपचा हिशेब मुंबई किंवा दिल्लीपासून सुरू होतो. आपण राहतो माधव नगरमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या फ्रीगंजमध्ये. इथून इंदूरचा विमानतळ साधारण ५५ किलोमीटर. इंदूरहून २०१९ मध्ये दुबईला थेट विमान सुरू झालं तेव्हा केवढं कौतुक झालं होतं! पण युरोप-अमेरिकेला थेट विमान तिथून आजही नाही. म्हणजे मुंबईकराला 'थांबा हवा की नको' हा पर्याय असतो, आपल्याला तो नाहीच. आपला पहिला थांबा घर सोडल्यावर लगेच येतो. प्राचीन भारतीय ज्योतिषात रेखांशाची मोजणी उज्जैनपासून होत असे. तिकिटाची मोजणीही उज्जैनकराने आपल्या दारापासूनच करायला हवी: टॅक्सी, रेल्वे, मधली रात्र, मधलं जेवण, सगळं धरून.

थांब्याचं तिकीट स्वस्त का असतं, तेही समजून घेऊ. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हा करत गेलं, कारण तेव्हाची विमानं एका दमात तेवढं अंतर कापू शकत नव्हती. आज तशी अडचण नाही. आज थांबा असतो तो धंद्याच्या गणितामुळे. दोहा, दुबई, अबू धाबी इथल्या कंपन्या कोची, ढाका, लाहोर, मुंबई अशा अनेक शहरांतून माणसं गोळा करून एका ठिकाणी आणतात आणि तिथून युरोप-अमेरिकेची मोठी विमानं भरतात. थेट विमानं मोजकीच असतात आणि वाचलेल्या वेळेचे पैसे ती लावतात. एका थांब्याच्या प्रवासाला मात्र पाच-सहा कंपन्या स्पर्धेत असतात, म्हणून भाव उतरतो. इथपर्यंत सगळं आपल्या फायद्याचं आहे.

गडबड होते ती त्याहूनही स्वस्त दिसणाऱ्या तिकिटांत. अ‍ॅप कधीकधी दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं जोडून एक प्रवास म्हणून दाखवतं. बारीक अक्षरांत 'सेल्फ ट्रान्सफर' असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ असा, की मधल्या विमानतळावर सामान स्वतः घ्यायचं, बाहेर यायचं आणि पुन्हा नव्याने चेक-इन करायचं. बाहेर यायचं म्हटलं की त्या देशाचा व्हिसा आला. आमच्या चर्चमधली एक ताई नर्सिंगच्या नोकरीसाठी निघाली होती. तिला असंच तिकीट काढून दिलं गेलं होतं. मुंबईच्या काउंटरवर तिला मधल्या देशाचा व्हिसा विचारला, तो नव्हता. विमान गेलं, तिकिटाचे पैसे गेले आणि घरच्यांनी नवं तिकीट उधारीवर काढलं. रविवारी मिसा झाल्यावर तिची आई आवारात उभी राहून हे सांगत होती आणि शेवटी म्हणाली, "अगं, त्या पोरीने विचारायचं तरी कुणाला?"

हा प्रश्न बरोबर आहे. आपल्या पासपोर्टवर लंडनच्या विमानतळावर नुसतं विमान बदलायलाही, काही अपवाद सोडले तर, व्हिसा लागतो. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलून पुढे जायलाही व्हिसा हवाच. गोऱ्या पासपोर्टवाल्याने लिहिलेल्या 'स्वस्त प्रवासाच्या दहा युक्त्या' आपल्याला जशाच्या तशा लागू होत नाहीत. आपण आधी व्हिसा पाहायचा, मग भाव. हे नियम बदलत राहतात, म्हणून ते त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच पाहावेत, कुणाच्या व्हिडिओवर विसंबून राहू नये.

आपल्याकडचा आणखी एक खास घोळ. काही जण इंदूर-मुंबई-दोहा-डब्लिन असं एकच तिकीट काढतात आणि मग विचार करतात, आपण अवंतिका एक्स्प्रेसने रात्रीत मुंबई गाठू, विमानात तिथूनच बसू. असं अजिबात करू नका. पहिला टप्पा चुकवला की कंपनी सहसा पुढचे सगळे टप्पे रद्द करते, परतीचेसुद्धा. अवंतिकाने जायचं असेल तर तिकीट मुंबईपासूनचंच काढावं आणि मध्ये निदान अर्धा दिवस मोकळा ठेवावा. रेल्वेला उशीर झाला तर विमान कंपनीचं काही देणंघेणं नसतं. उलट पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर असेल आणि पहिल्या विमानाला उशीर झाल्यामुळे पुढचं चुकलं, तर दुसऱ्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीची. २३ जून २०२५ ला कतारने आपलं आकाश काही तास बंद केलं, तेव्हा असंख्य विमानं वळवावी लागली. अशा वेळी एक पीएनआर आणि दोन सुटी तिकिटं यांतला फरक कळतो.

मागच्या वर्षी दादाच्या पदवीदानासाठी आईबाबा डब्लिनला गेले. दोघेही पहिल्यांदाच विमानात बसणार होते. फ्रीगंजमधल्या एका एजंटने सगळ्यात स्वस्त म्हणून दोन थांब्यांचा, एकतीस तासांचा प्रवास सुचवला. एकवीस वर्षांची मी बाकावर झोपून तो केला असता. बाबांना मधुमेह आहे, आईचे गुडघे दुखतात. मी अ‍ॅपवर 'मल्टी-सिटी' हा पर्याय उघडला आणि जाताना दोह्यात एक पूर्ण दिवस ठेवला. इथे शब्दांचा फरक लक्षात घ्या: आंतरराष्ट्रीय प्रवासात २४ तासांच्या आतला थांबा म्हणजे नुसती विमान बदलण्याची वेळ, त्याहून जास्त असेल तर तो स्टॉपओव्हर. काही कंपन्या आपल्या शहरात लोकांनी उतरावं म्हणून भाडं फारसं न वाढवता असा स्टॉपओव्हर देतात, हॉटेलही कमी दरात देतात. आणि भारतीय पासपोर्टला २०१७ पासून कतारमध्ये, हॉटेलचं बुकिंग वगैरे अटी पाळल्या तर, आधी व्हिसा काढावा लागत नाही.

एजंटच्या तिकिटापेक्षा माणशी सात हजार जास्त गेले. त्यात बाबा रात्रभर पाठ टेकून झोपले. आईने २००८ मध्ये उघडलेलं तिथलं रोझरी मातेचं चर्च पाहिलं. डब्लिनला उतरल्यावर दोघं आजारी पडली नाहीत. हे सात हजार मी महाग मानायला तयार नाही.

कुणी म्हणेल, सात हजार हा तुझ्या घरचा हिशेब, आमच्याकडे तेवढेही नाहीत. मान्य आहे. मग तीस तासांचं तिकीट घ्या, पण पीएनआर एक आहे का, सामान थेट जातंय का, विमानतळ बदलायचा आहे का, व्हिसा लागतो का, हे चार प्रश्न विचारून घ्या. त्यांना पैसे पडत नाहीत.

त्यांना पडतं ते इंग्रजी. तिकिटाच्या अटी इंग्रजीत, त्याही वकिली. म्हणून प्रत्येक घरात इंग्रजी येणारं पोर हेच ट्रॅव्हल एजंट होऊन बसतं, आणि ज्या घरात असं पोर नाही ते घर एजंटच्या शब्दावर चालतं. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्यांनी तो प्रवास मराठीत लिहून मायदेशी कळवला. वाटेत काय लागतं, हे मागे राहिलेल्यांना आपल्या भाषेत सांगणं हेही साहित्याचंच काम आहे. आपलं मराठी मंडळ दरवर्षी काव्यवाचन घेतं, घ्यावंच. या वर्षी त्यासोबत एक पानही काढूया: साध्या मराठीत, वरचे चार प्रश्न आणि त्यांची उत्तरं शोधण्याच्या जागा. पहिला मसुदा मी लिहून देते. ते पान चर्चच्या फलकावर लागेल, फ्रीगंजच्या झेरॉक्सच्या दुकानांत लागेल, आणि त्या ताईच्या आईसारख्या कुणाला तरी विचारायला एक जागा मिळेल.