प्रवाळांच्या शेजारी मुक्काम करताना

सुट्टीत मालवणला जायचे, तारकर्लीच्या किनाऱ्यावर तंबूत राहायचे आणि पाण्याखालचे प्रवाळ पाहायचे, असा बेत आता अकोल्याच्या जुन्या शहरातल्या घरांतही होतो. मुंबईमार्गे कुडाळपर्यंत आगगाडी, पुढे मालवण. प्रवास लांबचा असला तरी कठीण राहिलेला नाही. तुमच्या घरी असा बेत होत असेल तर जरूर जा, असेच मी म्हणेन. पण ज्याच्या शेजारी मुक्काम करायचा तो शेजारी कोण, त्याला काय सोसते आणि काय सोसत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे.

सोनाराकडे अंगठीत बसवलेले तांबडे पोवळे तुम्ही पाहिले असेल. तो एका जातीच्या प्रवाळाचा सांगाडाच होय. प्रवाळ हा दगड नाही, वनस्पतीही नाही. तो प्राणी आहे. एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरचाच असतो. पिशवीसारखे मऊ शरीर आणि तोंडाभोवती स्पर्शिकांचे कडे, एवढाच त्याचा संसार. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून वसाहत करतात. खडक रचणाऱ्या जाती समुद्राच्या पाण्यातून द्रव्ये घेऊन चुनखडीचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, सांगाडा बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात; यजमान त्यांना निवारा देतो. प्रवाळाचा तपकिरी-हिरवट रंग बराचसा या शैवालांचाच असतो.

हे बांधकाम फार सावकाश चालते. घुमटाच्या आकाराचे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. तेव्हा फुटबॉलएवढी वसाहत दिसली तर ती जवळजवळ तुमच्याच वयाची आहे असे समजा!

मालवणचे प्रवाळ म्हणजे ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफसारखी अफाट रांग नव्हे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील खडकांवर वाढलेल्या या लहानमोठ्या वसाहती आहेत. येथील सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. पाणी उथळ असल्याने प्रवाळ पाहणे सोपे, आणि त्याच कारणाने त्यांना पाय लागणेही सोपे. तोंडात श्वासनळी धरून पोहणारा नवशिका दमतो, घाबरतो आणि पायाखाली येईल त्या खडकावर उभा राहतो. तो खडक जिवंत असेल, तर अनेक वर्षांचे काम एका पावलाखाली मोडते.

मग पर्यटकांना बंदीच का करू नये? असे म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. जे कधी पाहिलेच नाही, त्याची काळजी वऱ्हाडातल्या मुलाने का करावी? शिवाय किनाऱ्यावरची कित्येक कुटुंबे आता या पाहुण्यांवर पोट भरतात. मात्र बंदी नको असेल, तर पाहुण्याने पाहुण्यासारखे वागले पाहिजे. पाण्यात उतरण्यापूर्वी तरंगायला शिका. प्रवाळावर उभे राहू नका, त्याला हात लावू नका. माशांना पाव-बिस्किटे टाकू नका. प्रवाळाचा तुकडा, मेलेला का असेना, घरी आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण दिलेले आहे.

एवढे पाळले म्हणजे आपले काम संपले का? नाही. पायापेक्षा मोठा शत्रू उष्णता आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि आपण कूलर लावून दिवस काढतो. प्रवाळाला कूलर नाही. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा एखादा अंश जरी वाढले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ आपल्या शरीरातील शैवाले बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. यालाच प्रवाळांचे विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले तर तो सावरू शकतो. नाहीतर उपासमारीने मरतो. १९९८ साली लक्षद्वीपसह जगभरच्या समुद्रांत हे घडले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे जाहीर केले.

ही उष्णता येते कोठून? कोळसा आणि तेल जाळून हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे जी जास्तीची उष्णता पृथ्वीवर अडकते, तिच्यापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास समुद्र शोषून घेतो. आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. पारसचे औष्णिक वीजकेंद्र कोळशावरच चालते. ते बंद करा, असे मी म्हणत नाही. विजेवाचून आपले चालणार नाही. पण रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा आणि मालवणचा प्रवाळ यांचा संबंध आहे, हे विज्ञान शिकणाऱ्याने विसरता कामा नये.

म्हणून माझी सूचना अशी: सहलीची तयारी करताना घरातील विजेच्या मीटरचे महिन्याचे आकडे वहीत लिहून ठेवा. परत आल्यावर पुढचे सहा महिने तेच करा आणि आकडा कमी करता येतो का ते पाहा. शिक्षकांनी हे काम साऱ्या वर्गाला द्यावे. ज्यांना समुद्र पाहायला मिळाला नाही, तेही त्यात भाग घेऊ शकतील. प्रवाळ पाहणे चार दिवसांचे आहे, ते जगवण्याचे काम मात्र घरी बसून वर्षभर करता येते.