जाऊ दे, गवतच तर आहे!

आमच्या लॉनची हकीकत ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांचं एकच उत्तर: "जाऊ दे हो, गवतच तर आहे!" धाकट्या बहिणीनेही परवा तेच ऐकवलं. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

झालं असं. पुण्यातल्या आमच्या घरापुढच्या सहाशे चौरस फुटांत लॉन करून घेतलं. ठेकेदाराने "कोरियन गवत, एक नंबर" म्हणत सगळे पैसे आधीच घेतले (दिले मीच, चूक माझी!). टेम्पोतून गवताचे चौकोन आले आणि संध्याकाळपर्यंत अंगण हिरवंगार. तीन आठवड्यांत ते पिवळं पडलं. बोलावल्यावर साहेब म्हणाले, "आजी, तुमचा माळी पाणीच घालत नाही." घरातल्यांनाही ते पटलं! माळीदादांचे पैसे कापायची भाषा सुरू झाली.

मी पस्तीस वर्षं वह्या तपासल्या आहेत. वही न उघडता मार्क द्यायची सवय नाही. एक चौकोन कोपऱ्याला धरून उचलला, तर सतरंजीसारखा अख्खा हातात आला. एव्हाना मुळं खाली रुजायला हवी होती. खाली होता बांधकामाचा मुरूम आणि विटांचे तुकडे, तेही ओले. म्हणजे पाणी होतं, मातीच नव्हती! वर चौकोनांच्या मातीतच लव्हाळ्याच्या गाठी. त्याचा दांडा बोटांत फिरवला की तिधारी लागतो. नुसता उपटला तर पुन्हा उगवतो.

हे टेम्पो दारात असतानाच बघायला हवं होतं. चौकोन उलटा करून बघा: मुळं पांढरी, दाट विणलेली हवीत, माती ओलसर हवी. ढिगात हात घाला. आत गरम लागलं, कुबट वास आला, तर माल शिळा आहे. आणि गवत अंथरण्याआधी जमीन वीतभर खणून घ्या.

आता मुख्य मुद्दा. "जाऊ दे" म्हणणं हा मनाचा मोठेपणा नव्हे. आपण सोडून देतो तेव्हा ठेकेदार सुटतो आणि खापर फुटतं ते ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्या डोक्यावर. आमच्याकडे ते माळीदादा होते.

मी भांडले नाही. फोटो काढले, बिलाची प्रत जोडली आणि स्पीड पोस्टाने पत्र धाडलं: पंधरा दिवसांत काम नीट करा, नाहीतर पैसे परत द्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ही सेवेतली त्रुटी आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही, हेही लिहिलं. बाराव्या दिवशी माणसं आली. मुरूम उपसला, लाल माती आणि शेणखत घातलं, नवं गवत लावलं.

ठेकेदाराचीही बाजू असते. पाणी घालणं आपलं काम, ते चुकलं तर दोष आपला. म्हणून कोणी काय करायचं ते आधी कागदावर लिहा आणि निदान तिसरा हिस्सा पैसे गवत रुजेपर्यंत हातचे राखा.

माळीदादांचा पगार कापला नाही. पण त्यांच्यावर संशय घेतल्याबद्दल घरातल्या कोणीही अजून त्यांची माफी मागितलेली नाही. आमची मंडळी हा ब्लॉग वाचतात, म्हणून मुद्दाम इथे लिहिलं.

असो. तुम्हाला काय वाटतं? जरूर कळवा.