विलीनीकरण हवे, विभागणी नको

कोकण रेल्वे महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली. 'कोकण रेल्वे' हे नाव कायम राहावे, ही राज्याची अट रास्तच आहे. पण नावाहून मोलाची एक गोष्ट या मार्गाने कमावली आहे आणि तिची काळजी इथे राबणाऱ्यांनीच करायला हवी.

१९ जुलै १९९० रोजी ही कंपनी स्थापन झाली, कारण रेल्वेच्या नेहमीच्या तरतुदीतून एवढे काम होणारे नव्हते. तेव्हा भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के होता, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळचा प्रत्येकी ६. बाकी मोठी रक्कम रोख्यांतून उभी राहिली. निर्णय जागच्या जागी होत गेले आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली आखलेला रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे खुला झाला. मात्र बांधणीला उपयोगी पडलेली हीच रचना वाढीला अपुरी पडली. कर्ज फेडता फेडता दुपदरीकरणाला पैसा उरला नाही. रोहा–वीर हा ४६ किलोमीटरचा टप्पा सोडला तर गाड्या आजही क्रॉसिंगसाठी ताटकळतात. दुपदरीकरणाला केंद्राचा निधी मिळावा म्हणून विलीनीकरणाला आमचा पाठिंबा आहे.

काळजी पावसाळ्याची आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ कटिंगमध्ये दरड कोसळून पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. वर्षभरात, १६ जून २००४ ला, मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. त्यानंतर या मार्गाने स्वतःची शिस्त घडवली. पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक, उतारांची छाटणी, दगड अडवणाऱ्या जाळ्या, रात्रंदिवस गस्त, धोक्याच्या जागी पहारेकरी, पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा, समोरचे नीट दिसेनासे झाले की लोको पायलटला ताशी ४० किलोमीटरची मर्यादा. गाड्या हळू चालवण्याचा तोटा सोसणारे आणि तो निर्णय घेणारे एकाच व्यवस्थेत होते, हे यात सर्वांत महत्त्वाचे. एवढे करूनही जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीजवळ दरड आलीच आणि वाहतूक ठप्प झाली. ढिलाईला इथे जागा नाही.

उद्या हा मार्ग मध्य, दक्षिण पश्चिम आणि दक्षिण रेल्वेत वाटला गेला, तर गस्तीचे नियम, वेगमर्यादा आणि ब्लॉकचे निर्णय तीन मुख्यालयांत होतील. डोंगर आणि पाऊस तर सलगच राहणार. रत्नागिरी आणि कारवार हे दोन्ही विभाग एकाच प्रशासनाखाली राहावेत. पावसाळी वेळापत्रक ठरवण्याचा अधिकार त्याच प्रशासनाकडे असावा, आणि कटिंगन् कटिंग ओळखणाऱ्या ट्रॅकमन व अभियंत्यांच्या सरसकट बदल्या होऊ नयेत.

वाचकांपैकी जे या मार्गावर काम करतात, त्यांनी आपापल्या सेक्शनमधील धोक्याच्या जागा, तिथे पूर्वी काय घडले आणि कोणता उपाय लागू पडला, हे आत्ताच लिहून काढावे आणि आपल्या वरिष्ठांकडे सोपवावे. हस्तांतराच्या कागदांत ही माहिती जायलाच हवी.