एक पट्टा कोरा सोडा

नवं टॉनिक फवारलं, पीक तरारलं, की आपण म्हणतो, "औषध लागू पडलं." पण त्याच आठवड्यात पाऊसही पडलेला असतो. मग गुण कुणाचा?

हे ओळखायची रीत शेतीनेच घालून दिली. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड केंद्रात १९१९ साली रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी, कोणत्या वाफ्याला कोणतं खत हे चिठ्ठ्या टाकून ठरवायला शिकवलं. पुढे ही तुलना सगळीकडे गेली. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेतली आणि ४७ गावांशी ताडून पाहिलं. म्हणून १९९९ साली प्रसिद्ध झालेला तो निष्कर्ष जगाने मानला. मुंबई-वडोदऱ्यात २००१ ते २००३ मध्ये मागे पडलेल्या मुलांसाठी बालसखी दिल्या, त्या काही शाळांत तिसरीला, काहींत चौथीला. भौतिकशास्त्रातही तेच. २०१५ साली गुरुत्वीय लहरीची नोंद अमेरिकेत तीन हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांवर सारखीच झाली, तेव्हाच ती खरी धरली.

मग आपणच का फसायचं? मधल्या चार ओळी न फवारता सोडा. बांधालगतची हलकी जमीन त्यासाठी धरू नका. खत-पाणी सारखंच द्या. काढणीला सारख्याच चार-चार ओळींचं वजन वेगळं करा. फरक नसेल तर पुढची बाटली वाचली!

आणि आम्हा कृषी सहायकांनो, ग्रामसेवकांनो, प्रात्यक्षिकाचा फलक लावताना शेजारी कोरा पट्टाही दाखवू या. नाहीतर ती नुसती जाहिरातच.